शब्दयादी पाठ, तरी उत्तर का चुकते?

अमेरिकेतील विद्यापीठांत पदवीसाठी जाऊ इच्छिणारे अनेक विद्यार्थी ‘सॅट’ परीक्षा देतात. करोनाकाळात तिची अट शिथिल झाली होती. मात्र ‘एमआयटी’ने २०२२ मध्ये, तर हार्वर्डने २०२४ मध्ये प्रवेश परीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे केल्याचे जाहीर केले. त्यामुळे तयारीला पुन्हा जोर आला आणि अवघड इंग्रजी शब्दांच्या लांबलचक याद्याही परतल्या. बारावीच्या धावपळीत त्या घोकण्यात वेळ घालवावा का?

परीक्षा कशी बदलली?

१९२६ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेत शब्दसंग्रहाला मोठे महत्त्व होते. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये, तर शब्दांच्या जोड्यांमधील संबंध ओळखण्याचे प्रश्न २००५ मध्ये वगळले गेले. श्रीमंत घरांत कानावर पडणारे शब्द इतरांना कुठून माहीत असणार, ही त्यामागची टीका होती. भारतात २०२३ पासून परीक्षा डिजिटल झाली. वाचन-लेखनाच्या ५४ प्रश्नांपैकी प्रत्येकासाठी छोटा उतारा असतो. त्यातील काही प्रश्नांत गाळलेल्या जागी नेमका बसणारा शब्द निवडायचा असतो.

पाठांतर कुठे अडते?

अडचण अनोळखी शब्दांइतकीच ओळखीच्या शब्दांचीही असते. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी. पण एखाद्या देशावर लादलेले निर्बंधही ‘सँक्शन’च. ‘चॅम्पियन’ म्हणजे विजेता. पण क्रियापद म्हणून त्याचा अर्थ एखाद्या विचाराचा हिरिरीने पुरस्कार करणे. यादीत शब्दासमोर एकच अर्थ असतो. कोणता अर्थ घ्यायचा, हे उताराच सांगतो.

मग काय करावे?

पर्याय पाहण्याआधी उतारा वाचून गाळलेल्या जागी स्वतःचा शब्द सुचवावा, मराठीतला असला तरी चालेल. ‘परंतु’, ‘म्हणून’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर लक्ष ठेवावे. वाक्याची दिशा तेच दाखवतात. नवा शब्द वहीत पूर्ण वाक्यासह लिहावा. ‘सुगंध’ आणि ‘दुर्गंध’ यांतील उपसर्ग ओळखणाऱ्याला ‘बेनेव्होलंट’ आणि ‘मॅलेव्होलंट’मधील ‘बेने’ म्हणजे चांगले व ‘मॅल’ म्हणजे वाईट, हे चटकन लक्षात राहते.

याद्या अगदी निरुपयोगी नाहीत. उजळणीला त्या कामी येतात. मात्र विज्ञान, इतिहास आणि साहित्यावरील इंग्रजी लेखांचे रोज अर्धा तास वाचन हाच अभ्यासाचा पाया हवा. ते वाचन परीक्षेपुरते नसते. पुढे महाविद्यालयात जाडजूड पाठ्यपुस्तके वाचावी लागतात, तेव्हा सोबतीला शब्दयादी नसते.