लोखंडाचा मळ

गेल्या श्रावणांत आमच्या येथें जुनी विळी माळ्यावरून खालीं काढली, तों तिच्या पात्यावर तांबूस गंजाचे पापुद्रे धरलेले. घरांतील मंडळी चिंच व राख घेऊन पातें घासावयास बसली. सातवींत शिकणारी आमची नात शेजारीं उभी होती. "आजोबा, गंज कशानें येतो?" आम्हीं तत्काळ सांगितलें, "पाण्यानें." त्यावर ती म्हणाली, "पण माळ्यावर पाणी कोठें होतें?"

आम्ही निरुत्तर झालों. हेंच उत्तर आम्हीं एके काळीं भर वर्गांतहि दिलें होतें. तें प्रकरण पुढें येईल.

अमरकोशांत गंजास 'मंडूर' व 'सिंहाण' असे दोन शब्द दिले असून तो लोहाचा मल होय, असें म्हटलें आहे. वैद्यांचें मंडूरभस्म वाचकांस ऐकून ठाऊक असेलच. मल या शब्दामुळें आमची समजूत अशी झालेली कीं, घामाबरोबर अंगाचा मळ सुटावा तसा पाणी लागतांच लोखंडाचा मळ आंतून बाहेर येतो. समजूत खरी कीं खोटी, हें पाहण्यास चार बाटल्या व चार खिळे पुरेसे आहेत. मात्र खिळे साधे लोखंडी असावेत. जस्ताचा मुलामा दिलेले चालत नाहींत. ते काचकागदानें घासून, साबणानें धुवून लगेच कोरडे करावे.

पहिल्या बाटलींत खिळ्याबरोबर आम्हीं औषधांच्या डब्यांतून निघणाऱ्या, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या टाकल्या व बूच घट्ट लावलें. दुसरींत खिळा अर्धा बुडेल इतकें पाणी घालून तोंड उघडें ठेविलें. चौथींतहि तसेंच, पण पाण्यांत दोन चमचे मीठ. तिसरी बाटली मात्र जपून भरावी लागते. पाण्यांत हवा विरघळलेली असते (मासे तिच्यावरच जगतात) व ती घालविण्याकरितां पाणी दहा मिनिटें खळखळून उकळावें लागतें. तें थोडें निवतांच बाटलींत हळूच ओतून खिळा पूर्ण बुडविला आणि हवा पुन्हां आंत शिरूं नये म्हणून वर दोन बोटें गोडें तेल सोडलें. आमची पहिली बाटली कढत पाण्यानें तडकली, हेंहि नमूद करून ठेवितों.

दुसऱ्याच दिवशीं मिठाच्या पाण्यांत तांबूस ढग उतरला. साध्या पाण्यांतील खिळाहि मागोमाग गंजला. आठव्या दिवशीं पाहतों तों पहिला खिळा कोरा करकरीत. आणि पाण्यांत नखशिखांत बुडालेला तिसराहि तसाच! तेलाचा थर हवेला सर्वस्वी अडवीत नाहीं, तेव्हां महिन्या दोन महिन्यांनीं त्यावर एखादा डाग दिसेल. पण दुसऱ्या खिळ्याशीं त्याची तुलनाच नको. नुसत्या पाण्यानें लोखंड गंजत नाहीं, नुसत्या हवेनेंहि नाहीं. दोन्ही एकत्र यावीं लागतात. माळ्यावर पाणी नव्हतें, पण श्रावणांतील दमट हवेंत दोन्ही होतीं. मीठ हें केवळ घाई करणारें. खारें पाणी वीज सहज वाहून नेतें व गंजण्याची क्रिया मुळांत विजेच्याच जातीची आहे. कोंकणांतील खिडक्यांचे गज घाटावरच्या गजांपेक्षां लवकर कां झिजतात, तें यावरून कळेल.

आतां मळाचें पाहूं. लोखंडी तारांची बारीक घासणी शिरक्यांत बुडवून धुतली, पेल्याच्या तळाशीं घट्ट बसविली व पेला पाण्याच्या ताटांत उपडा ठेविला. चार-पांच दिवसांत पेल्यांत पाणी चढलें, तें सुमारें एक-पंचमांश उंचीपर्यंत. हवेंत प्राणवायूचा भाग सुमारें २१ टक्के. तो लोखंडानें ओढून घेतला होता. म्हणजे आंतून कांहीं निघालें नाहीं, बाहेरून कांहीं आंत गेलें. १०० भार लोखंड पूर्ण गंजलें तर, पाण्याचा अंश वगळूनहि, सुमारें १४३ भार गंज होतो. मळ निघून वस्तु जड झाली, असें कोणीं पाहिलें आहे?

असो. शास्त्राचे शिक्षक रजेवर असल्यामुळें एकदां तो तास आम्हां संस्कृतवाल्याकडे आला होता. शाळेच्या विहिरींत लोखंडी शिडी होती. वैशाखांत पाणी आटलें तेव्हां एका मुलानें ती पाहून ठेविली असावी. परीक्षेंत त्यानें लिहिलें कीं, लोखंड नुसत्या पाण्यानें गंजत नाहीं. कारण शिडीच्या सदा बुडालेल्या पायऱ्या धड आहेत व पाण्याच्या काठच्या खाल्ल्या गेल्या आहेत. आम्हीं तांबड्या शाईनें तें खोडून शून्य दिलें. एवढ्यावर न थांबतां तें उत्तर वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलें. वर्ग हंसला. क्रमिक पुस्तकांत हवा व पाणी दोन्ही छापलेलीं होतीं. आम्हीं तें पान नीट वाचलें नव्हतें. त्या मुलानें पुढें आमच्या तासाला हात वर केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

नातीला ही हकीकत सांगितली. तिनें विचारलें, "मग त्याला मार्क दिले का हो तुम्हीं?"

निकाल केव्हांच लागून गेला होता, आणि तो मुलगा पुढें कोणत्या गांवीं गेला हें आम्हांस ठाऊक नाहीं. तिसरी बाटली खिडकींत आहे. तिच्यावरचें तेल आम्हीं अद्याप काढूं दिलेलें नाहीं.