गारपीट आणि सरासरीचा हिशेब

सोनई परिसरात गव्हाची सोंगणी व कांद्याची काढणी तोंडावर आली की शेतकऱ्याचे चित्त आभाळाकडे लागते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागात गारपिटीने गहू, हरभरा, द्राक्षे मातीमोल केली. अशा संकटास ‘अस्मानी’ म्हणून हात जोडण्यापूर्वी त्यामागील शास्त्र समजून घेणे इष्ट ठरेल.

मध्य अक्षांशांतील वादळांना मुख्यतः थंड व उबदार हवेतील तफावतीतून बळ मिळते. या दोन हवांमधील सीमा नागमोडी होते, उबदार हवा वर चढते, थंड हवा तिच्याखाली घुसते आणि कमी दाबाचा भोवरा आकार घेतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतील बर्गेन येथे बियर्कनेस पितापुत्र व त्यांचे सहकारी यांनी ही उपपत्ती मांडली. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ याच कुळातले. पंजाबच्या गव्हाला ते वरदान ठरतात. मात्र त्यांच्यासोबतची उंचावरील थंड हवा दक्षिणेकडे खोलवर उतरली आणि खालून समुद्रावरील दमट वारे मिळाले, म्हणजे आपल्याकडे हवा वेगाने उसळून गारा पडतात.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. विक्षोभाचा पसारा शेकडो-हजारो किलोमीटरचा. त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. गारांचा पट्टा मात्र काही किलोमीटरचाच; एका शिवारात पीक भुईसपाट होते, तर शेजारचे शाबूत राहते.

नेमका हाच भेद विमा धोरणात हरवतो. 2016 च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती मानली गेली व 72 तासांत सूचना दिल्यास शेतनिहाय पाहणीची सोय होती. 2025 च्या खरिपापासून राज्याने भरपाई पीककापणी प्रयोगांवरील सरासरी उत्पादनाशी जोडली. खोट्या दाव्यांना आळा व तिजोरीवरील भार कमी करणे, ही कारणे क्षुल्लक नव्हेत. अवर्षणाला सरासरीचे माप शोभतेही, कारण ते सर्वांवर सारखे कोसळते. परंतु गारपीट सर्वांवर सारखी कोसळत नाही. मंडळाची सरासरी समाधानकारक राहते आणि त्याच सरासरीत दहा-वीस कुटुंबे बुडून जातात.

जोखीम अनेकांत वाटून घेणे हे विम्याचे प्रयोजन. बुडालेल्यास सरासरीआड दडवणे नव्हे. खोटे दावे रोखण्यासाठी रडार व उपग्रहांच्या नोंदींची सांगड पंचनाम्याशी घालावी. पण शेतनिहाय संरक्षण पुन्हा द्यावे. वादळ रोखणे मानवाच्या हाती नाही. हिशेबाचे माप बदलणे मात्र निश्चितच आहे.