आपण फक्त ६ डिसेंबरची गर्दी आहोत का?

मुंबई कोणी पाहायची आणि कोणती पाहायची, हा प्रश्न वरवर सहलीचा वाटतो. माझ्या मते तो हक्काचा प्रश्न आहे.

सोलापूर, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट इथून आपले हजारो लोक दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला जातात. चैत्यभूमीवर तासन् तास रांगेत उभे राहतात, शिवाजी पार्कवर पुस्तके घेतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. हे आपण करतच राहणार. पण त्या दिवशी शहराच्या लेखी आपण कोण असतो? 'गर्दी'. जादा गाड्या, बॅरिकेड, वाहतुकीत बदल, एवढीच आपली नोंद. पाहुणे म्हणून, पर्यटक म्हणून आपल्याला कोणी मोजत नाही.

दुसरीकडे 'मुंबई दर्शन'च्या गाड्या पाहा. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन आणि बाहेरून नटनट्यांचे बंगले. परळची चाळ त्यात नसते. पर्यटन विभाग जयंती आणि महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास आंबेडकर स्थळांच्या सहली काढतो. चांगली गोष्ट आहे. पण बाबासाहेब वर्षातून चार दिवसच पाहायचे का?

मित्रांनो, आपल्या माणसाने प्रवास करणे आणि स्थळे पाहणे ही गोष्ट कधीच साधी नव्हती. १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना टांग्यात घ्यायला नकार दिला. मग टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला आणि टांगा उलटून बाबासाहेब जखमी झाले. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघाले. सहलच होती ती. वाटेत दौलताबाद किल्ल्याच्या हौदात हातपाय धुतले म्हणून 'हौद बाटवला' असा गहजब झाला. किल्ला पाहू दिला, पण बरोबर शस्त्रधारी शिपाई देऊन. आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून! 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे.

या पार्श्वभूमीवर बेस्टच्या साध्या बसकडे पाहा. तिकीट काढले की जागा तुमची. शेजारी कोण बसणार, हे कंडक्टरही ठरवत नाही आणि धर्मशास्त्रही नाही. सार्वजनिक वाहन म्हणजे केवळ स्वस्त वाहन नव्हे. ज्या समाजाला टांगा नाकारला गेला, त्याच्यासाठी ती समतेची जागा आहे. म्हणून माझे म्हणणे असे की बाबासाहेबांची मुंबई पाहायची तर लोकल आणि बसनेच पाहावी, आणि ती पावसाळ्यात पाहावी.

पावसाळ्यात का? एक तर रांग नसते, मुलांना नीट दाखवता येते. दुसरे म्हणजे चळवळीतल्या दोन मोठ्या गोष्टी पावसाळ्यातल्याच आहेत. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ ची, सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ चे.

रात्री सोलापुरातून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघा, सकाळी दादरला उतरा. पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह चालत गाठता येते. पुस्तकांसाठी बांधलेले घर मुलांना दाखवा. मग पश्चिमेला चैत्यभूमी. शेजारच्या माता रमाबाई आंबेडकर स्मृती व्ह्युइंग डेकवरून उधाणाचा समुद्र दिसतो. भरतीची वेळ आधी पाहून घ्या आणि समुद्राच्या फार जवळ जाऊ नका. पुढे लोकलने परळ. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी दोन दशकांहून अधिक काळ काढला. तिथे आजही लोक राहतात, तेव्हा आरडाओरडा नको. सभेचे कार्यालय जिथे होते ते दामोदर हॉलही परळमध्येच. तिथले नाट्यगृह नोव्हेंबर २०२३ पासून पुनर्विकासासाठी बंद झाले. याच सभेने जानेवारी १९२५ मध्ये आपल्या सोलापुरात वसतिगृह काढले. परळ आणि सोलापूर यांचे नाते फक्त गिरण्यांचे नाही, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? शेवटी सीएसएमटी. तिथून फोर्टमधले सिद्धार्थ महाविद्यालय आणि काळा घोड्याजवळचे एल्फिन्स्टन कॉलेज पाहा, बसने मरीन ड्राइव्ह गाठा आणि रात्रीच्या सिद्धेश्वरने परत या.

पावसाची थट्टा मात्र करू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सोलापुरात वर्षभरातही सहसा तेवढा पडत नाही. हिंदमाताला पाणी तुंबले की परळ-दादरचा रस्ता अडतो. अशा दिवशी बेत पुढे ढकला.

आता खरा मुद्दा. दादर ते सीएसएमटी लोकलचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट ५ रुपये आहे. बेस्टचे किमान भाडेही २०१९ पासून ५ रुपये होते. मे २०२५ मध्ये ते १० झाले, वातानुकूलित बसचे ६ वरून १२. पाच जणांच्या कुटुंबाने दिवसात चार वेळा बस बदलली तर किमान भाड्यानेच शंभराऐवजी दोनशे रुपये जातात. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या घटत आहेत, कंत्राटी गाड्या वाढत आहेत. आपल्याकडे तरी काय? महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची अवस्था रोज स्टॉपवर उभे राहणाऱ्याला विचारा. सोलापूरहून वंदे भारत मात्र २०२३ पासून धावते. तिकीट हजाराच्या घरात. वेगवान गाडीला माझा विरोध नाही. पण विडी कामगार बाईला आणि तिच्या लेकीला परवडणारी बस मोडकळीला येत असताना विकास नेमका कोणाचा झाला?

म्हणून मागण्या सरळ आहेत. बेस्टची भाडेवाढ मागे घ्या. राजगृह, चैत्यभूमी, बीआयटी चाळ आणि सिद्धार्थ महाविद्यालय जोडणारी साधी बस साध्या तिकिटात बारमाही चालवा. प्रत्येक स्थळी मराठीत नीट माहितीफलक लावा.

आणि आपल्या मंडळांनी एक करावे. जयंतीच्या डीजेवर जेवढा पैसा जातो, त्यातला थोडा बाजूला काढून वस्तीतल्या दहा मुलांना जुलैत मुंबईला न्यावे. साधे तिकीट, घरची भाकरी, हातात छत्री. किल्ल्यात आपल्यामागे शिपाई लावणाऱ्या व्यवस्थेला आपली मुले बसच्या खिडकीजवळ बसून उत्तर देतील.

जय भीम!