वस्ताद होऊ पाहणाऱ्यांस

गेल्या पंधरवड्यात आमच्या कचेरीत तीन तरुण येऊन गेले. तिघेही सीमाभागातले, तिघेही तालमीच्या मातीत वाढलेले, आणि तिघांचे मागणेही एकच. क्रीडा प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळावा म्हणून संपादकांचे शिफारसपत्र हवे होते. एकास पतियाळास जावयाचे होते, दोघांस बंगळूरास. तिघांनीही पिशवीतून पदके काढून आमच्या टेबलावर मांडली. कोणी जत्रेच्या फडातली इनामे सांगितली, कोणी आनंदवाडीच्या आखाड्यातली निकाली कुस्ती. आम्ही कौतुकाने ऐकले आणि मग सहज विचारले, "आजवर किती पोरांना तुम्ही पहिला डाव शिकविलात?" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तिसरा काय बोलला ते पुढे सांगू.

आपल्याकडे एक समज खोल रुजला आहे की, जो चांगला लढतो तो चांगला वस्ताद होतोच. हा समज खोटा आहे. रमाकांत आचरेकर आयुष्यात प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले. परंतु त्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर घडला आणि 1990 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. सराव संपत येऊन सचिन दमला की आचरेकर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. त्याला बाद करणाऱ्या गोलंदाजाला नाणे मिळे. बाद झाला नाही तर ते सचिनचे. थकल्या शरीराकडून एकाग्रता कशी काढून घ्यावी याचे याहून स्वस्त साधन आम्हांस ठाऊक नाही. ही युक्ती सुचण्यासाठी स्वतःच्या नावावर शतके असावी लागत नाहीत. समोरचा मुलगा कोणत्या क्षणी ढिला पडतो हे दिसावे लागते. पाहता येणे ही या धंद्यातली पहिली विद्या होय.

पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात 1961 साली राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. (मोतीबाग कोल्हापुरातही आहे, पण ती तालीम आहे, राजवाडा नव्हे, आणि आमच्या भागातली पोरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच मोतीबागेची, गंगावेशीची, शाहूपुरीची वाट धरीत आली.) तेथे शरीरशास्त्र, मानसशास्त्र, आहार, सरावाचे नियोजन हे सारे शिकवितात, आणि ते शिकावयास हवेच. जुन्या वस्तादांचा अभिमान बाळगणारे काही लोक या शिक्षणास नाक मुरडतात. त्यांनी खाशाबा जाधवांचे स्मरण करावे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी हा मातीतला मल्ल रीस गार्डनर या परदेशी मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकला. लंडनला सहावा आला आणि 1952 साली हेलसिंकीस कांस्यपदक घेऊन परतला. गादीवरची कुस्ती निराळी आणि तिचे नियमही निराळे, हे ज्याने ओळखले त्याने कोल्हापूरच्या मातीचा अपमान केला असे कोणी म्हणेल काय?

तेव्हा तरुणांनी जावे, अवश्य जावे. आमचे म्हणणे प्रमाणपत्र घेऊन परतल्यानंतरचे आहे. हौद्यात उतरलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलावर वस्तादाची जी सत्ता चालते, ती बापाचीही चालत नाही. तो खा म्हणाला की मूल खाते, उपाशी राहा म्हणाला की राहते, दुखत नाही म्हणाला की दुखणे गिळते. या सत्तेला लगाम कोणता, हा आमचा प्रश्न आहे.

आमच्या डोळ्यांदेखत घडलेली एक गोष्ट सांगतो. गाव आणि व्यक्ती यांचा उल्लेख मुद्दाम टाळतो. वजनी गटाची स्पर्धा होती. चौदा वर्षांचा एक मुलगा दीड किलोने जास्त भरला. वस्तादाने त्याला भर दुपारी दोन स्वेटर चढवून मैदानाभोवती पळावयास लावले. पाण्याचा थेंब दिला नाही, लाळसुद्धा थुंकावयास सांगितली. मुलगा वजनात बसला, पण पहिल्या लढतीतच गरगरून पडला. बाप शेजारी उभा होता. तो वस्तादास एवढेच म्हणाला, "अण्णा, तुम्ही सांगाल तसं." आम्हीही तेथे उभे होतो आणि काही बोललो नाही, याची लाज आजही वाटते.

1997 साली अमेरिकेत अशाच प्रकारे वजन उतरविताना तीन विद्यापीठीय मल्ल सुमारे पाच आठवड्यांत दगावले, तेव्हा कोठे तेथील नियम बदलले. 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी 50 किलोवर अवघे 100 ग्रॅम भरली आणि बाद ठरली. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी ते 100 ग्रॅम हटले नाहीत. तिच्या दिमतीला डॉक्टर होते आणि ती जाणती स्त्री होती. आमच्या तालमीतल्या पोराच्या दिमतीला कोण असते? वाढत्या वयातल्या मुलाचे वजन उतरवावयाचे नसते. तो ज्या गटात बसेल त्या गटात त्याने लढावयाचे असते. दोन मुले एकाच वर्षी जन्मली तरी एकाच्या अंगाची वाढ दुसऱ्याहून दोन-दोन वर्षे पुढे असू शकते, आणि आज दांडगा दिसणारा उद्या मागे पडतो. हे ज्याला कळत नाही तो वस्ताद आजचे इनाम पाहतो आणि पाच वर्षांनी येणारा मल्ल गमावतो. मानेवर आपटलेल्या मुलाला खांद्याला धरून उठवावयाचे नाही, जागीच स्थिर ठेवावयाचे, हे तरी किती जणांस ठाऊक आहे? नायटा झालेल्या पोराला चार दिवस हौद्याबाहेर ठेवा म्हटले तर हसणारे वस्ताद आम्ही पाहिले आहेत. पंधरा दिवसांनी निम्म्या तालमीला नायटा झालेला असतो.

पावडरीच्या डब्यांचेही तेच. कोणीतरी शहरातून डबा आणतो आणि वस्ताद खुराकात घालतो. उत्तेजकविरोधी नियमांप्रमाणे खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. वस्तादाने दिले ही सबब चालत नाही. बंदी मुलावर येते. जन्मदाखल्यात दोन वर्षे खाली लिहून लहान गटात घुसविण्याचा धंदा तर आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याला कोणी लबाडी म्हणतच नाही. मुलाला वस्तादाकडून मिळालेला तो पहिला धडा खोटेपणाचा असतो.

आता मुली तालमीत येऊ लागल्या आहेत, आणि याचा आम्हांस आनंद आहे. पण 2023 च्या जानेवारीत दिल्लीस जंतरमंतरवर देशाच्या नामवंत महिला मल्ल धरणे धरून बसल्या, ते सर्वांनी पाहिले. न्यायालयात काय ठरावयाचे ते ठरेल. आमच्या वस्तादांनी त्यातून आपल्यापुरते शिकावे. मुलीला एकटीला खोलीत बोलावू नये, रात्री-अपरात्री फोनवर निरोप धाडू नयेत, पकड दाखविताना अंगाला हात लावावा लागत असेल तर आधी सांगून, चारचौघांत लावावा, परगावच्या स्पर्धेस एखादी जाणती स्त्री सोबत न्यावी. 2012 च्या बालसंरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर झालेला अत्याचार ठाऊक असून न कळविणे हाही गुन्हा ठरतो. ‘तालमीची अब्रू जाईल’ असे म्हणून प्रकरण मिटविणारे पंच या कायद्याच्या कक्षेत येतात, हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे. म्हणून आम्ही सांगत आहो.

एक गोष्ट मात्र पतियाळात शिकवीत नाहीत, आणि ती आमच्या भागाची खास आहे. मराठी मुलाला ढाक, धोबीपछाड, एकचाक हे शब्द आईच्या भाषेत कळतात. परतलेला प्रशिक्षक इंग्रजी शब्द फेकू लागला की पोर मान डोलावते आणि काही समजत नाही. मराठीत हे शास्त्र नाही असे म्हणणाऱ्यांनी बडोद्याकडे पाहावे. तेथून मुजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत दहा खंडांत सिद्ध केला. महाराष्ट्राबाहेर बसून मराठी माणसाने हे काम केले आहे. आमच्या वाचनालयांत त्यातला एक तरी खंड आहे का, याची चौकशी आम्ही सुरू केली आहे.

परंतु भाषेचा हा आग्रह धरणारे आम्ही दुसरी गोष्टही तितक्याच ठामपणे सांगतो. त्याच बडोद्यात प्रो. माणिकराव जुम्मादादांच्या पायाशी शिकले आणि त्यांच्या व्यायाममंदिराला आजही जुम्मादादांचेच नाव आहे. शिष्याने गुरूची जात विचारली नाही, गुरूने शिष्याचा धर्म विचारला नाही. आमच्या तालमीत कानडी घरातले पोर आले तर वस्तादाने त्याला कानडीत आकडे मोजून दाखवावे. आमचे भांडण राज्यकर्त्यांशी आहे; 1956 पासून ते चालू आहे आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयातही आहे. बैठका मारणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाशी ते नाही. मराठी नसलेल्या पोराला हौद्याच्या कडेला ताटकळत ठेवणारा एक वस्ताद आम्हांस ठाऊक आहे. तो आमच्या सभांना पहिल्या रांगेत बसतो. त्याला आम्ही समक्ष सांगितले आणि येथेही लिहितो.

आणि आता आमचा स्वतःचा दोष. मोर्चा निघावयाचा असला की आम्ही मंडळी तालमीत निरोप धाडतो : "चाळीस पोरे पाठवा." वस्ताद पाठवितात. पोरे धिप्पाड असतात, आघाडीला शोभतात, घोषणा दणदणीत देतात. लाठी चालली की ती त्यांच्याच पाठीवर चालते आणि गुन्हे नोंदविले गेले की त्यांचीच नावे प्रथम लागतात. पुढे सैन्यात वा पोलिसांत भरती होऊ पाहणारा मल्ल चारित्र्याच्या दाखल्यापाशी अडतो. त्यांतले किती जण आपल्या मनाने आले होते आणि किती जण ‘वस्तादांनी सांगितले’ म्हणून आले होते, हे आम्ही कधी विचारले नाही. हुतात्म्यांच्या रक्ताची शपथ घेणाऱ्या चळवळीने मुलांचा असा उपयोग करावा काय? ज्याचे वय झाले आहे आणि ज्याला हा प्रश्न आपला वाटतो त्याने मोर्चात यावे. तो तालमीतला असो वा कारखान्यातला. यापुढे निरोप तालमीच्या फळ्यावर लागेल, वस्तादाच्या तोंडून जाणार नाही. या निर्णयावर आमचे काही जुने सहकारी रागावले आहेत. त्यांनी आपले म्हणणे लिहून पाठवावे, आम्ही छापू.

तिसऱ्या तरुणाचे राहिले. आमच्या प्रश्नावर तो म्हणाला, "साहेब, पदकं दोनच हायत. पण सकाळी बारक्या पोरांची मेहनत मीच घेतो, अकरा जण हायत." त्याने खिशातून एक वही काढली. प्रत्येक पोराचे वजन, गैरहजेरी, कोणाचा गुडघा दुखतो, कोण घरी उपाशी येतो, असे सारे पेन्सिलीने लिहिलेले होते. अकरांपैकी तीन नावे कानडी घरांतली होती. त्याला आम्ही त्याच दिवशी पत्र दिले. उरलेल्या दोघांना पावसाळाभर लहान पोरांच्या हौद्यात उतरावयास सांगितले आहे. दिवाळीनंतर त्यांनी वह्या घेऊन यावे.