पाहुण्याने जेवावे कोठे?

परगावाहून मुंबईत उतरलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न मुक्कामाचा असतो आणि दुसरा जेवणाचा. मुक्कामाची सोय नातेवाइकाकडे, धर्मशाळेत किंवा लॉजवर एकदा झाली की होते. जेवणाचा प्रश्न मात्र दिवसातून दोनदा नव्याने उभा राहतो. बंदराच्या या शहरात एका टोकाला पंचतारांकित हॉटेले आहेत, तर दुसऱ्या टोकाला रस्त्याच्या कडेची वडापावची गाडी. या दोहोंमध्ये कोठे बसावे, हे बहुतेक पाहुणे खिसा पाहून ठरवतात. वास्तविक हा केवळ खिशाचा प्रश्न नाही. ज्या ठिकाणी त्या शहरात राबणारी माणसे जेवतात, तेथे पाहुण्याने आधी जेवावे. शहर समजून घेण्याचा तो सरळ मार्ग आहे, आणि ती ठिकाणे टिकवण्याचाही.

मुंबईत घराबाहेर जेवण्याची प्रथा चैनीतून जन्मली नाही. ती गरजेतून जन्मली. १८५४ मध्ये येथे पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. पुढे १८७५ मध्ये ससून डॉक आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. गिरण्यांना आणि गोद्यांना माणसे हवी होती. कोकणातून, साताऱ्याकडून आणि देशाच्या इतर भागांतून पुरुष कामासाठी आले. पण बायकामुले गावीच राहिली. चाळीतील एका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत. त्यांना स्वयंपाकासाठी ना जागा होती, ना वेळ. अशा कामगारांना महिन्याच्या हिशेबाने दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळी गिरणगावात उभ्या राहिल्या. त्यांपैकी अनेक खानावळी स्त्रिया आपल्या घराच्या लहानशा स्वयंपाकघरातच चालवीत.

या व्यवहारात पैशाइतकाच विश्वास महत्त्वाचा होता. जेवण आज आणि पैसे पगाराच्या दिवशी, अशी रीत होती. संप झाला की पगार थांबे, पण चूल थांबवता येत नसे. मग बाई वाण्याकडून उधारीवर धान्य आणी किंवा सावकाराकडून भारी व्याजाने कर्ज काढी. कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी ही अडचण ओळखली आणि १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’ची स्थापना केली. खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. ज्या श्रमाला तोवर कोणी धंदा म्हणत नव्हते, त्या श्रमाला त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली. साध्या ताटामागे असा इतिहास असतो.

शहरातील इतर भोजनगृहांची कथाही स्थलांतराचीच आहे. इराणातील यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या लोकांनी मुंबईत चहाची दुकाने काढली. धोबी तलाव परिसरातील ‘क्यानी’ हे १९०४ सालचे आणि बंदरालगतच्या बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ हे १९२३ सालचे. संगमरवरी मेज, लाकडी खुर्ची, मस्का लावलेला पाव आणि चहा एवढ्या सामग्रीवर इराण्याने शहराला एक मोठी देणगी दिली: तेथे जात-धर्म न विचारता कोणालाही बसता येई. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेल्या लोकांनी उडुपी उपाहारगृहे सुरू केली. माटुंग्यात रामा नायक यांनी १९४२ मध्ये काढलेले भोजनगृह केळीच्या पानावरील जेवणासाठी प्रसिद्ध आहे. अशा उपाहारगृहांत दिवसा काम करणारी अनेक मुले संध्याकाळी रात्रशाळेत शिकली. दादरला मामा काणे यांच्या उपाहारगृहाची सुरुवात १९१० ची. तेथे आणि त्याच परिसरात बटाटावडा, थालीपीठ, साबुदाणा खिचडी असे मराठी घरातील पदार्थ मिळतात, तर मालवणी खानावळीत माशाचे कालवण, भात आणि सोलकढी. मासे खाणाऱ्याने मात्र ऋतू ध्यानात घ्यावा. जून-जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत कोळंबीपापलेटाचा आग्रह धरण्यापेक्षा सुक्या बोंबलाचे कालवण मागावे. आणि ज्याला बसायलाही सवड नाही, त्याच्यासाठी वडापाव आहे. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी दादर स्थानकाबाहेर त्याची सुरुवात केली, असे मानले जाते. गाडी पकडण्याच्या घाईत एका हाताने खाता यावे, असे हे अन्न आहे.

या मतावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: स्वस्त ठिकाणी स्वच्छता नसते. आक्षेप अगदीच निराधार नाही. पोट बिघडले तर प्रवास वाया जातो. परंतु स्वच्छता दरावर अवलंबून नसते. ती डोळ्यांनी पारखावी लागते. जेथे स्थानिक लोकांची गर्दी आहे, तेथे अन्न पडून राहत नाही. पदार्थ समोर तळला किंवा वाढताना वाफाळत असेल, तर धोका कमी. कापून ठेवलेली फळे, उघडी चटणी आणि बर्फ यांपासून दूर राहावे. पिण्याचे पाणी सोबत ठेवावे. अन्न सुरक्षेचा कायदा २००६ सालचा आहे आणि त्यानुसार दिलेला चौदा अंकी क्रमांक भोजनगृहात दर्शनी भागी लावलेला असावा लागतो. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदाही २०१४ मध्ये झाला. गाडीवाला हा शहरावरचा डाग नव्हे. तो शहराचा कष्टकरी नागरिक आहे.

दुसरा आक्षेप असा, की मोठ्या हॉटेलांतही शेकडो लोकांना रोजगार मिळतो. हेही खरे आहे, आणि ऐपत असणाऱ्याने तेथे जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण मोठ्या हॉटेलास जाहिरात करता येते. कोपऱ्यावरच्या खानावळीची जाहिरात म्हणजे समाधानाने उठलेला गिऱ्हाईक. तो आला नाही, तर तिला दुसरा आधार नाही.

असा आधार तुटताना मुंबईने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये आणि उंच इमारती आल्या. पूर्वीचा कामगार गेला आणि त्याच्याबरोबर कित्येक खानावळी मिटल्या. वाढत्या भाड्यापुढे अनेक इराणी दुकानेही बंद झाली. मात्र भूक गेली नाही. त्या उंच इमारतींच्या दारावर उभा असणारा पहारेकरी, त्या बांधणारा मजूर आणि घरोघरी पार्सल पोहोचवणारा तरुण यांना आजही परवडणारे ताट हवेच आहे. शासनाने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी देण्याच्या योजना आणल्या, त्या याच गरजेपोटी. परंतु केवळ योजनेवर शहर जेवत नाही. ज्या शहरात गरिबाला परवडणारे जेवण उरत नाही, त्या शहरात गरिबाला राहताही येत नाही.

म्हणून पाहुण्याने राजवाड्यासारखे हॉटेल बाहेरून अवश्य पाहावे, समुद्राचा वाराही घ्यावा. पण भूक लागल्यावर एखाद्या खानावळीची पायरी चढावी. ताटाचे मोल घासाघीस न करता द्यावे, अन्न टाकू नये आणि उठताना वाढणाऱ्याला दोन चांगले शब्द बोलावेत. त्याच बाकावर बहुधा एखादा कामगार जेवत असतो. तोही कधीतरी या शहरात पाहुणा म्हणूनच आलेला असतो.