किल्ली घरातच राहू द्या

क्रिप्टो चलन घ्यावे की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत. त्या वादात आम्ही आज शिरत नाही. पण ज्या घरातल्या मुलाने ते घेऊन हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवले आहे, त्या घराशी थोडे बोलायचे आहे.

पेनड्राइव्हसारख्या या उपकरणात पैसे नसतात, पैशांची किल्ली असते. जोडल्यावरही ती संगणकात उतरत नाही, हाच त्याचा फायदा. २०२० मध्ये लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांची नावे-पत्ते फुटले. पुढच्या वर्षी काहींच्या घरी टपालाने बनावट उपकरणे आली. ‘हे संगणकाला जोडा, जुने २४ शब्द टाइप करा,’ अशी सूचना सोबत होती. म्हणून न मागवता आलेले उपकरण जोडूच नका.

सायबर कॅफेत नको, घरच्या संगणकालाच जोडा. सॉफ्टवेअर कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. पैसे पाठवताना पत्ता उपकरणाच्या पडद्यावर अक्षर न् अक्षर ताडून पाहा. संगणकातला व्हायरस कॉपी केलेला पत्ता बदलू शकतो. ते १२ किंवा २४ शब्द कागदावरच लिहा. फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅप नको. ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही सांगू नका.

इथे बँक नाही. गेलेला पैसा तक्रारीने उलटा फिरत नाही. मुलगा दुबईत असेल, तर तो कागद कुठे ठेवलाय हे अम्मी-अब्बांपैकी एकाला तरी ठाऊक असावे. ती घरची अमानत आहे.