एक शेठ गाठला की झालं?

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागातल्या मराठी मंडळांत निधीचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं : "एखादा हिरेवाला शेठ गाठा, वर्षाची चिंता मिटली." मग वराछा-कतारगामच्या हिरेवाल्यांच्या नावांची यादी होते आणि 'यथाशक्ती मदत करावी' असा छापील अर्ज सगळीकडे जातो. उत्तर येत नाही. त्यावर दुसरं वाक्य तयारच असतं : "ते लोक फक्त आपल्या जातवाल्यांना देतात."

या तक्रारीत थोडं तथ्य आहे. कतारगामचं किरण हॉस्पिटल समस्त पाटीदार आरोग्य ट्रस्टनं उभारलं. २०१७ साली पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. हिरेवाल्या सावजी ढोलकियांनी तलाव बांधले तेही आपल्या अमरेली जिल्ह्यात. पण पैसा जातीकडे जातो त्याहून जास्त ओळखीकडे जातो. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात जाऊन बघा. भर रस्त्यात उभ्याउभ्या कागदाच्या पुड्या उघडतात, भिंग डोळ्याला लागतं आणि लाखोंचा माल जांगडवर, म्हणजे पैसे न घेता पसंतीसाठी, दुसऱ्याच्या खिशात जातो. समोरच्याची पत ठाऊक असते म्हणून. असा धंदा करणारा माणूस अनोळखी मंडळाच्या अर्जावर पाच लाख का सोडेल?

आणि जातच आडवी येत असती, तर सर विठ्ठलदास ठाकरसी या भाटिया गिरणीमालकानं १९२० साली अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिलेच नसते. ते पंधरा लाख आपल्याला पाठ असतात. त्याआधीची वर्षं कोणी सांगत नाही. अण्णांचा विधवाश्रम १८९६ चा. तेव्हापासून ते किरकोळ वर्गण्यांसाठी दारोदार हिंडत होते. चोवीस वर्षांचं काम उभं होतं, तेव्हा मोठी थैली आली. ती आल्यावरही सत्तरी ओलांडलेले अण्णा निधीसाठी आफ्रिकेपर्यंत गेले. एका शेठवर संस्था चालत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं होतं?

सुरतेत जन्मलेल्या प्रेमचंद रायचंदांचं उदाहरण तर याच मातीतलं. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी प्रत्येकी दोन लाख दिले. पुढच्याच वर्षी कापसाचा फुगा फुटला आणि तेही बुडाले. देणगी वर्षभर लांबली असती तर? हिऱ्यांतही मंदी येतेच. २००८ साली सुरतेनं ती भोगली आहे.

काहींना शेठचं नाव पाटीवर लावण्याची लाज वाटते. ती सोवळी लाज सोडा. त्या मनोऱ्याला जिचं नाव आहे ती राजाबाई ही प्रेमचंदांची आई, महिला विद्यापीठाला जिचं नाव आहे ती नाथीबाई ठाकरसींची. सुरतेचं एम.टी.बी. कॉलेज मगनलाल ठाकोरदास बालमुकुंददासांच्या नावावर चालतं. पाटीवर नाव जरूर द्या. मंडळाच्या अभ्यासिकेतल्या मुलांच्या प्रवेशाची यादी मात्र शेठच्या हाती देऊ नका.

मोठा दाता शोधायचा तो आपल्याच पावतीपुस्तकात. तीन वर्षं न मागता पाचशे रुपये देणारा लूम कारखानदार, मुलीची फी मंडळानं भरली म्हणून दिवाळीला येऊन जाणारा ठेकेदार. त्यांना अर्ज पाठवू नका, अभ्यासिकेत आणून बसवा. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद पुढे ठेवा आणि किती मुलांसाठी किती पैसे लागतात, तो आकडा तोंडानं सांगा. एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी मागायचा असेल तर सीएसआर-१ नोंदणी आधी करून घ्या. कंपनीनं नफ्यातून समाजकार्याला द्यायच्या दोन टक्क्यांतला रुपयाही त्या नोंदणीशिवाय मिळायचा नाही. आणि हिरेवाल्या शेठकडे जायचंच असेल, तर त्या ठेकेदाराला बरोबर न्या. बोलू द्या त्यालाच.